ड्रायव्हरचं अंतर वाढवायचं असेल तर आधी गोफण आठवा

ज्वारी हुरड्याला आली की मचाणावर उभं राहून पाखरं हाकणारा माणूस गोफण कशी फिरवतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना गोल्फचा स्विंग निम्मा समजलेला असतो. दगड लांब जातो तो दंडाच्या जोरावर नव्हे. आधी पाय रोवले जातात, मग कंबर वळते, तिच्यामागून खांदा येतो, मग हात. आणि हाताचा वेग कमी होतो नेमक्या त्याच क्षणी दोरीच्या टोकाला असलेला दगड सुसाट सुटतो. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे गोल्फमधल्या सगळ्यात लांब मारायच्या क्लबमध्ये (काठीत), दोरीच्या जागी शाफ्ट म्हणजे दांडा आहे, दगडाच्या जागी क्लबहेड म्हणजे काठीचं डोकं. बाकी सगळं तेच.

रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, मात्र उलटं दिसतं. लांब मारायचं मनात आलं की माणूस ग्रिप, म्हणजे क्लबची मूठ, आवळतो, जबडा आवळतो आणि खांद्यातून झडप घालतो. बॉल उजवीकडे वळून रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, पडतो, मग पुढच्या बॉलला आणखी जोर. मी खेळायला शिकत होतो तेव्हा बॅग उचलणाऱ्या एका म्हाताऱ्या कॅडीनं मला सांगितलं होतं, "साहेब, बॉलला मारू नका. क्लब फिरवा, बॉल आपोआप मधे येतोय." या लेखातलं सगळं त्या एका वाक्याचाच विस्तार आहे. पायऱ्यांचा क्रम मुद्दाम ठरवलेला आहे, तो मोडू नका. वेगाचा सराव शेवटी येतो, कारण चुकीच्या जागी लागणारा बॉल जास्त वेगानं मारला तर तो फक्त जास्त लांब हरवतो. सगळं वर्णन उजव्या हाताच्या खेळाडूसाठी आहे, डावखुऱ्यांनी बाजू उलट धरावी.

वेग कमी पडतोय की फटका?

अमेरिकेच्या पीजीए टूरवर पुरुष व्यावसायिकांचा ड्रायव्हरचा सरासरी क्लबहेड वेग ताशी ११३ ते ११५ मैलांच्या घरात असतो. महिलांच्या एलपीजीए टूरवर तो साधारण ९४ मैल आहे. क्लबमध्ये खेळणाऱ्या अनेक हौशी पुरुषांचा वेगही ९० ते ९५ मैलच असतो, म्हणजे जवळपास त्या महिला व्यावसायिकांइतका. तरीही त्यांचा बॉल हवेतून सव्वादोनशे यार्डांच्या जवळपास जातो आणि आपला १८०-१९० यार्डांवर पडतो. वेग सारखा, मग पस्तीस-चाळीस यार्ड जातात कुठे? बॉल क्लबच्या मधोमध लागत नाही तिथे, आणि क्लब वरून खाली येत बॉलला लागतो तिथे.

यासाठी एक आकडा समजून घ्या, स्मॅश फॅक्टर. बॉलच्या वेगाला क्लबहेडच्या वेगानं भागलं की तो मिळतो. ड्रायव्हरला तो जास्तीत जास्त १.५ च्या आसपास जातो. समजा तुमचा क्लबहेड वेग ९० मैल आहे आणि स्मॅश फॅक्टर १.३५. बॉलचा वेग झाला १२१.५ मैल. स्विंगचा वेग तोच ठेवून फटका सुधारला, स्मॅश फॅक्टर १.४५ झाला, तर बॉलचा वेग होतो १३०.५ मैल. बॉलच्या वेगातला एक मैल म्हणजे ढोबळमानानं दोन यार्ड, म्हणजे सतराअठरा यार्ड वाढले. खराब फटक्यानं हीच वाढ मिळवायची तर स्विंगचा वेग ९० वरून जवळजवळ ९७ वर न्यावा लागेल, आणि ते काम काही महिन्यांचं आहे.

हे वेग मोजणारं यंत्र, म्हणजे लॉन्च मॉनिटर, नसला तरी अडत नाही. व्हाइटबोर्डवर लिहायचा मार्कर घ्या, बॉलच्या मागच्या बाजूला चार आण्याएवढा ठिपका काढा आणि तो ठिपका क्लबफेसच्या, म्हणजे क्लबहेडच्या बॉलला लागणाऱ्या पृष्ठभागाच्या, बाजूला येईल असा बॉल टीवर (जमिनीत खोचायच्या खुंटीवर) ठेवा. फटक्यानंतर फेसवर डाग उमटतो. दहा बॉल मारा आणि प्रत्येक वेळी पुसण्याआधी डागाची जागा वहीत टिपा. डाग मध्यापासून किंचित वर असेल तर उत्तम, कारण तिथून बॉल जास्त उंच निघतो आणि कमी फिरतो. खाली असेल तर उलट घडतं, बॉल उगाच गरगरत वर चढतो आणि समोर जाण्याऐवजी हवेतच दमतो. डाग टाचेकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला असेल तर बहुतेकदा डाउनस्विंगमध्ये, म्हणजे क्लब खाली येताना, तुमचं अंग बॉलच्या दिशेनं पुढे झुकतंय. पार्श्वभागामागे भिंत किंवा बॅग टेकवून उभे राहा आणि स्विंगभर तो स्पर्श सुटू न देता हळू स्विंग करा. डाग आठवडाभरात सरकायला लागतात.

दहापैकी सात डाग एका रुपयाच्या दोन नाण्यांएवढ्या जागेत येईपर्यंत पुढच्या पायरीवर जाऊ नये असं माझं मत आहे. कंटाळवाणं वाटेल, पण सगळ्यात स्वस्तात मिळणारे यार्ड इथेच आहेत.

उभं राहणं आणि पकड

बॉल डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत ठेवा. पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकलेले, भार उजव्या पायावर किंचित जास्त. उजवा हात ग्रिपवर खाली असतो म्हणून उजवा खांदाही डाव्यापेक्षा खाली राहायला हवा. पाठीचा कणा वरच्या टोकाला लक्ष्यापासून थोडा मागे झुकलेला. टीची उंची अशी की क्लब जमिनीवर टेकवल्यावर अर्धा बॉल क्लबहेडच्या माथ्यावर दिसेल. टी फार खाली खुपसणं ही आपल्याकडची सर्रास दिसणारी सवय आहे. बॉल उंच ठेवला की तो हवेत उडून वाया जाईल ही भीती तिच्या मुळाशी असते, प्रत्यक्षात खाली ठेवलेला बॉलच अंतर खातो.

पकड तळव्यात नको, बोटांच्या मुळाशी हवी. डाव्या हाताची ग्रिप तळव्यातून गेली की मनगट वाकत नाही, आणि मनगट वाकलं नाही तर गोफणीची दोरीच लोखंडी झाली म्हणायची. वरून पाहताना डाव्या हाताची दोन ते तीन बोटांची पेरं दिसायला हवीत. अंगठा आणि तर्जनीमधली खाच उजव्या खांद्याकडे रोखलेली असावी. दाब किती? दहापैकी चार-पाच. मुंबईच्या दमट हवेत तळहात ओले होतात आणि क्लब निसटेल या भीतीनं माणूस नकळत दाब आठावर नेतो. त्यावर उपाय जास्त आवळणं हा नव्हे. बॅगेत दोन कोरडी ग्लोव्ह्ज आणि एक सुती पंचा ठेवा, आणि जुन्या, गुळगुळीत झालेल्या ग्रिप बदलून घ्या.

मागे जाताना घाई नको, आखडतंही नको

बॅकस्विंगचं काम एकच, हातांना लांब वाट मिळवून देणं. वाट जितकी लांब तितका वेळ क्लबला ढकलायला मिळतो. त्यासाठी खांदे पुरते वळायला हवेत, म्हणजे पाठ लक्ष्याकडे. "खांदे ९० अंश, कंबर ४५ अंश" हे सूत्र सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि त्याच्या नादानं अनेक जण कंबर मुद्दाम रोखून धरतात. विशीतल्या लवचिक मुलाला ते जमेल. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या चाळिशी-पन्नाशीतल्या माणसानं कंबर रोखली की खांदेही साठ अंशांवर अडकतात, मग उरलेली वाट तो हात उचलून भरून काढतो. त्यापेक्षा कंबर मोकळी फिरू द्या. उजवं पाऊल थोडं बाहेर वळवा, उजवा गुडघा किंचित सरळ होऊ द्या, डावी टाच उचलली गेली तर उचलू द्या. जॅक निकलस ऐन बहरात असतानाही डावी टाच उचलत असे आणि त्याच्या काळातल्या सर्वांत लांब मारणाऱ्यांत तो होता.

एका गोष्टीची मात्र काळजी घ्या. शरीर उजव्या बाजूला घसरता कामा नये, वळलं पाहिजे. उजव्या पायाच्या बाहेर, घोट्याला लागून छत्री उभी रोवा आणि बॅकस्विंगमध्ये मांडी तिला टेकते का ते पाहा.

सगळा खेळ वळणावर आहे

इथे थांबून नीट वाचा, कारण वेग निर्माण होतो तो याच ठिकाणी. बॅकस्विंगला साधारण पाऊण सेकंद लागतो, डाउनस्विंगला पाव सेकंद. क्लब आणि बॉल एकमेकांना चिकटलेले असतात तो काळ सेकंदाचा सुमारे दोन हजारावा भाग. या पाव सेकंदात विचार करून काहीच दुरुस्त करता येत नाही. म्हणून सुरुवात योग्य झाली तरच शेवट योग्य होतो.

चांगल्या खेळाडूच्या स्विंगमध्ये क्लब अजून मागे जात असतो तेव्हाच भार डाव्या पायाकडे सरकायला लागलेला असतो. खालचं अंग पुढे निघालंय, वरचं अजून मागे जातंय, त्यामुळे पोटाच्या आणि पाठीच्या तिरक्या स्नायूंना ताण बसतो आणि तो सुटताना खांद्यांना ओढून नेतो. आधी कंबर वेग घेते आणि मंदावते, तिचा वेग छातीकडे जातो. छाती मंदावते, वेग हातांकडे जातो. हात मंदावतात आणि क्लबहेड सुटतं. प्रत्येक कडी थांबते म्हणून पुढची धावते. हौशी खेळाडू सगळ्या कड्या एकदम सोडतो, किंवा वरून सुरुवात करतो. खांदे आणि उजवा हात आधी निघाले की क्लब बाहेरच्या वाटेनं येतो, फेस उघडा राहतो आणि स्लाइस लागतो, म्हणजे बॉल उजवीकडे वळतो.

क्रिकेट खेळून आलेल्यांनी इथे जास्त सावध राहावं. बॅटिंग करताना खालच्या हातानं फटका ओढायची सवय मुरलेली असते, आणि ड्रायव्हर हातात आला की तोच हात वरून झडप घालतो. पण क्रिकेटमधली एक गोष्ट कामाचीही आहे. वेगवान गोलंदाज चेंडू सोडताना पुढचा पाय ताठ रोवतो, तो ब्रेक लागतो म्हणून वरचं अंग आणि हात पुढे फेकले जातात. ड्रायव्हरमध्ये डाव्या पायाचं काम हुबेहूब हेच. डाउनस्विंगच्या सुरुवातीला डावा गुडघा थोडा वाकतो, भार घेतो, आणि मग जमिनीला खाली ढकलत सरळ होतो. जमीन उलट तुम्हाला वर ढकलते आणि त्यातून कंबरेला झटका मिळतो. रोरी मॅकिलरॉय उंचीनं पावणेसहा फुटांच्या आसपास आहे, पण जगातल्या सर्वांत लांब मारणाऱ्यांमध्ये त्याचं नाव येतं. बॉल सुटतो त्या वेळचा त्याचा डावा पाय पाहा, काठीसारखा सरळ.

हे अंगात मुरवायला मला स्टेप ड्रिलइतका दुसरा सराव उपयोगी पडला नाही. बॉलशिवाय सुरू करा. दोन्ही पाय जुळवून उभे राहा, क्लब समोर. क्लब मागे न्यायला लागा, आणि तो वर पोहोचायच्या जरा आधी डावा पाय लक्ष्याकडे टाका. पाऊल जमिनीवर टेकल्यानंतरच खाली या. "मागे, पाऊल, सोड" असं मनात म्हणा. सुरुवातीला सगळं विस्कळीत वाटेल, पाऊल आणि हात एकाच वेळी पडतील. पन्नास वेळा केल्यावर कंबर आपोआप आधी निघते. मग ७-आयर्ननं, म्हणजे ड्रायव्हरपेक्षा आखूड अशा धातूच्या पात्याच्या क्लबनं, टीवरचा बॉल अर्ध्या वेगानं मारा आणि शेवटी ड्रायव्हर घ्या. मोबाइल समोर उभा करून स्लो मोशनमध्ये रेकॉर्ड करा आणि एकच गोष्ट तपासा, पाऊल टेकतं तेव्हा हात अजून वरच आहेत का. बाकी काही पाहू नका, नाहीतर दहा चुका दिसतील आणि एकही सुधारणार नाही.

सोडणं

लॅग, म्हणजे खाली येताना क्लबहेड हातांच्या मागे राहणं, हा शब्द गोल्फच्या व्हिडिओंमध्ये इतका घोटला गेलाय की लोक मनगटाचा कोन मुद्दाम धरून ठेवायला जातात. तो धरायचा नसतो. क्रम बरोबर असला की तो आपोआप टिकतो आणि वेळ आली की सुटतो. मुद्दाम धरलेला कोन म्हणजे दोरी मुठीत गच्च पकडून गोफण फिरवणं.

ड्रायव्हर उलटा करा, क्लबहेडच्या जवळ शाफ्ट धरा आणि ग्रिपचं टोक हवेतून फिरवा. 'सूंऽऽ' असा आवाज येईल. तो कुठे सगळ्यात मोठा येतोय ते डोळे मिटून ऐका. उजव्या पायाजवळ आला तर वेग बॉलच्या आधीच खर्च झाला. तो बॉलच्या जागी किंवा थोडा डावीकडे यायला हवा. हा सराव गच्चीवरही होतो, बॉल लागत नाही, जागा मात्र मोकळी बघा. मी रोज दहा करतो.

आवाज पुढे सरकत नसेल तर दोष बहुतेकदा ग्रिपच्या दाबात सापडतो. दाब कमी करून पुन्हा ऐका.

बॉल वर जाताना लागला पाहिजे

आयर्ननं बॉल मारताना क्लब खाली येत असतो. ड्रायव्हरला उलट हवं, क्लबनं तळ गाठून वर जायला सुरुवात केल्यावर बॉल भेटायला हवा. एलपीजीएच्या खेळाडू सरासरी तीनेक अंश वरच्या दिशेनं मारतात. ९० मैल वेगाच्या खेळाडूनं पाच अंश खाली मारण्याऐवजी तीन-चार अंश वर मारलं तर वीसेक यार्डांचा फरक पडू शकतो, तोही वेग न वाढवता. कमी वेगाच्या खेळाडूसाठी तर ही पायरी अत्यावश्यक आहे.

बॉलच्या पुढे, लक्ष्याच्या दिशेनं फूटभर अंतरावर बॉलचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका ठेवा. बॉल मारा आणि क्लब खोक्याला लागू देऊ नका. खोका उडाला तर दोन कारणं शक्य आहेत. एक, डोकं बॉलच्या पुढे गेलं. दोन, उभं राहतानाच उजवा खांदा वर होता. क्लब उचलून खोका चुकवू नका, छाती बॉलच्या मागे ठेवून चुकवा.

आता वेग

वरचं सगळं बऱ्यापैकी बसलं, डाग एका जागी यायला लागले, की वेगाच्या सरावाला हात घाला. शरीर सवयीच्या वेगालाच सुरक्षित मानतं, त्याला त्यापलीकडे नेण्यासाठी हलक्या आणि जड वस्तू आलटून पालटून पूर्ण ताकदीनं फिरवायच्या. विकतचे संच मिळतात, पण सुरुवातीला उलटा धरलेला ड्रायव्हर हलकी वस्तू म्हणून चालतो, नेहमीचा ड्रायव्हर मधली आणि एकत्र धरलेली दोन आयर्न जड. दहा मिनिटं अंग गरम करा, हे टाळलं तर पुढचं करूच नका. मग हलक्याचे पाच स्विंग, मधल्याचे पाच, जडाचे तीन, आणि शेवटी ड्रायव्हरनं पाच. प्रत्येक स्विंगनंतर अर्धा मिनिट थांबा. दमून केलेला वेगाचा सराव शरीराला हळू फिरायला शिकवतो. काही स्विंग डाव्या बाजूनंही करा, पाठ दोन्हीकडून सारखी राहते. आठवड्यातून दोन, फार तर तीन दिवस, मधे एक दिवस सुट्टी. बॉल कुठे जातोय याचा विचार या वीस मिनिटांत करायचाच नाही.

कंबरेत, बरगडीत किंवा डाव्या कोपरात टोचलं तर त्याच क्षणी थांबा. वेगाचा हव्यास कमरेला सगळ्यात आधी भोवतो.

व्यायामाबद्दल थोडक्यात. आपल्याकडची तालमीतली साधनं या खेळासाठी फार चांगली आहेत. हलका मुद्गल खांदे आणि मनगटं मोकळी करतो, बैठका पायांना जमीन ढकलायला शिकवतात. रोज पाच मिनिटं उकिडवं बसता येत नसेल तर कंबर वळणार कशी? तिथून सुरुवात करा. जिममध्ये जात असाल तर मेडिसिन बॉल भिंतीवर तिरका फेकण्याचा व्यायाम जरूर घाला, त्यात गोफणीचाच क्रम आहे.

क्लब

नियमांनुसार ड्रायव्हरचं डोकं ४६० सीसीपेक्षा मोठं नसावं आणि लांबी ४८ इंचांपेक्षा जास्त नसावी. २०२२पासून मोठ्या व्यावसायिक स्पर्धांना ४६ इंचांची मर्यादा घालायची मुभा आहे. लांब शाफ्टनं वेग थोडा वाढतो, पण डाग इकडेतिकडे पळतात. माझ्या मते हौशी खेळाडूनं ४५ इंचांच्या वर जाऊ नये. आणि मित्राचा जुना ९ अंश लॉफ्टचा (फेस मागे कललेला असतो तो कोन), एक्स्ट्रा स्टिफ म्हणजे फार कडक शाफ्टचा ड्रायव्हर स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. ९० मैल वेगाला साडेदहा ते बारा अंशांचा लॉफ्ट लागतो.

मोजमाप करताना

अंतर मोजाल तेव्हा बॉल हवेतून किती गेला ते मोजा, घरंगळून किती गेला ते नव्हे. मे महिन्यात पुण्याच्या तापलेल्या, कडक फेअरवेवर, म्हणजे गवत कापलेल्या पट्ट्यावर, बॉल वीस-तीस यार्ड धावतो आणि माणूस खूश होतो. जुलैत तोच बॉल पडल्या जागी चिखलात रुततो. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच असल्यामुळे तिथली हवा विरळ आहे, मुंबईत २०० यार्ड जाणारा फटका तिथे साधारण २०४ जातो. चेंबूरला खेळून येरवड्यात आलात आणि चार यार्ड वाढले, तर ते हवेचे आहेत. महिन्यातून एकदा, एकाच रेंजवर, सारख्याच बॉलनं, दहा फटके मारा. सगळ्यात लांब दोन आणि सगळ्यात आखूड दोन सोडून उरलेल्या सहांची सरासरी वहीत लिहा. जोडीला डागांचा नकाशा ठेवा.

पहिले तीन आठवडे आकडा खालीही जाईल, कारण जुना क्रम मोडलेला असतो आणि नवा बसलेला नसतो. बहुतेक जण नेमके तेव्हाच सोडून देतात. त्या काळात स्पर्धा खेळू नका, नुसती रेंज आणि गच्ची. दीड-दोन महिन्यांनी बदल दिसू लागतो, आधी डागांमध्ये, मग आवाजात, आणि यार्डांमध्ये सगळ्यात शेवटी.

कोर्सवर पहिल्या टीला उभे असाल तेव्हा यातलं काहीही आठवू नका. एकदा उलटा क्लब फिरवून 'सूंऽऽ' आवाज ऐका, बॉल टीवर अर्धा वर दिसेल असा ठेवा, ग्रिपचा दाब चारवर आणा आणि फिरा.